आवळण्याआधी

बीड जिल्ह्यात गळती ओळखणाऱ्या हातांची वानवा नाही. कापसावर फवारणी सुरू झाली की पाठीवरच्या पंपाचं वायसर बदलून देणारा माणूस गेवराईत सापडतो तसा वडवणीतही. बोअरच्या पाइपाचा सांधा कुठे पाझरतो हे नुसत्या ओल्या मातीवरून सांगणारे फिटर आहेत, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं ऑइल सील हाताच्या अंदाजानं बसवणारे मिस्त्री आहेत, आणि ट्यूब पाण्याच्या घमेल्यात फिरवून सुईच्या टोकाएवढं भोक पकडणारे पंक्चरवाले तर रस्त्या-रस्त्याला. तरीही नेमबाजी शिकणाऱ्या एखाद्या मुलीच्या एअर पिस्तुलातली हवा रातोरात उतरू लागली, की पुण्याची बस पकडायची नाहीतर पिस्तूल पेटीत घालून कपाटावर ठेवायचं, असे दोनच मार्ग घरच्यांना दिसतात. पुणं बीडपासून सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. तिथवर जाऊन कळतं ते पुष्कळदा एवढंच, की आतली एक रबरी रिंग चिरली होती.

ही पुस्तिका त्या रिंगेपर्यंत घरच्या घरी, निदान तालुक्याच्या गावात पोचता यावं म्हणून आहे. हवा धरून ठेवण्याचं काम इथल्या कारागिरांना नव्यानं शिकवायला नको. दोन सवयी मात्र दाराबाहेर ठेवाव्या लागतील. गळतंय म्हटलं की आवळायचं, ही पहिली. कोरडं दिसलं की तेल सोडायचं, ही दुसरी. फवारणी पंपात दाब तीन-चार बारचा असतो, तिथे दोन्ही खपून जातात. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाच्या सिलिंडरमध्ये २०० बार असतात. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर आठ-दहा बारला थांबतो, यावरून फरकाचा अंदाज यावा. तिथे पहिल्या सवयीनं आटे जातात आणि दुसरीनं प्रसंगी बोटं.

आवळून उपयोग का नाही, हे समजायला ओ-रिंगचं काम नीट पाहिलं पाहिजे. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या नील्स क्रिस्टन्सन यांना या रिंगेचं अमेरिकन पेटंट १९३९ मध्ये मिळालं, तेव्हा ते सत्तरी ओलांडून गेले होते. त्यांची युक्ती अशी, की रबराची गोल कडी धातूतल्या खाचेत सैलसर बसते आणि दाब आला की तो दाबच तिला ढकलून फटीवर नेऊन बसवतो. दाब वाढला की रिंग आणखी घट्ट बसते. म्हणजे सील करण्याचं काम हवाच करते, पाना करत नाही. टोपण शेवटच्या आट्यापर्यंत हातानं फिरलं की झालं. त्यापुढे पान्यानं दिलेला प्रत्येक पीळ ॲल्युमिनियमच्या आट्यांवर जातो, रिंगेवर जात नाही. नळाच्या सांध्याला गुंडाळतात ती टेफ्लॉनची पट्टीसुद्धा इथे निरुपयोगी, उलट घातक. तिचा एखादा धागा सुटून व्हॉल्व्हच्या बैठकीवर जाऊन बसला, की नसलेली गळती सुरू होते.

हवेच्या बंदुकीचा आणि गळतीचा संबंध मुळापासूनचा आहे. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यानं बार्तोलोमियो जिरार्डोनी यांनी तयार केलेली हवेची बंदूक वापरात आणली. खांद्याला टेकवायचा दस्ता हाच तिचा हवेचा साठा, आणि तो भरायला हातपंपाचे पंधराशेच्या आसपास दट्टे मारावे लागत. सांधे चामड्याच्या गास्केटांनी बंद केलेले. चामडं ओलं ठेवलं तर हवा टिके, सुकलं की निसटे. शिपायांच्या हाती ही नाजूक चीज फार काळ चालली नाही आणि काही दशकांत ती बाजूला पडली. चामड्याचं वायसर मात्र अजून गेलेलं नाही. कपिलधारच्या किंवा परळीच्या यात्रेत फुगे फोडायला जी बंदूक हातात देतात, तिच्यातल्या जुन्या नमुन्यांत स्प्रिंगच्या पुढे चामड्याचाच वाडगा असतो. छर्रा फुग्यापर्यंत रडतखडत पोचायला लागला की फुगेवाला त्यात तेलाचे दोन थेंब सोडतो आणि काम भागतं. तेल सोडायची सवय आली ती बहुधा इथूनच. त्या बंदुकीत ते बरोबरही आहे, कारण तिच्यात साठवलेली हवा नसतेच; घोडा दाबल्यावर स्प्रिंग त्या क्षणापुरती हवा दाबते.

गॅसवर चालणाऱ्या पिस्तुलाची जात वेगळी. त्यातही दोन घराणी. एकात कार्बन डायऑक्साइड, दुसऱ्यात आधीच भरून ठेवलेली दाबाची हवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॉल जिफार्ड या फ्रेंच माणसानं द्रवरूप कार्बन डायऑक्साइडवर चालणारी बंदूक विकायला काढली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर पिस्तूल पहिल्यांदा आलं, तेव्हा चांगल्या नेमबाजांच्या हातात पुष्कळदा हाच वायू असे. पुढे दाबाच्या हवेनं तो मागे सारला. आज मोरिनी, स्टायर, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ या कंपन्यांची स्पर्धेची पिस्तुलं हवेवर चालतात, आणि कार्बन डायऑक्साइड उरला तो सरावाच्या व हौशी पिस्तुलांत, बारा ग्रॅमच्या छोट्या कॅप्सूलच्या रूपानं.

बीडमध्ये या कॅप्सूलचा खरा शत्रू उन्हाळा.

कार्बन डायऑक्साइड कॅप्सूलमध्ये द्रवरूपात असतो आणि त्याच्या वाफेचा दाब तापमानावर ठरतो. १० अंशांना सुमारे ४५ बार, २० अंशांना ५७, ३० अंशांना ७२. ३१ अंशांच्या पुढे द्रव आणि वायू हा भेदच संपतो, आणि कॅप्सूल जितकी गच्च भरलेली तितका दाब चढत जातो. आता एप्रिल-मेमधली बीडची दुपार आठवावी, पारा चाळिशीच्या पुढे गेलेला. भरलेल्या कॅप्सूलमधला दाब अशा वेळी शंभर बार ओलांडतो. मग असं होतं, की पिस्तुलातला हातोडा व्हॉल्व्हवर आपटतो, पण आतल्या दाबापुढे व्हॉल्व्ह नेहमीइतका उघडत नाही. छर्रा मलूल सुटतो, कधी नळीतच अडकतो. हाती पिस्तूल असलेला माणूस म्हणतो, गॅस गळून गेला. गॅस कुठेही गेलेला नसतो. तो गरजेपेक्षा जास्त असतो. संध्याकाळी सावलीत तेच पिस्तूल सुरळीत चालतं. ही ‘दुरुस्ती’ करायला निघालेल्या कितीतरी हातांनी चांगली सीलं उचकटून खराब केली असतील. जानेवारीतल्या पहाटे उलटा प्रकार. दाब मुळात कमी, त्यात भराभर शॉट मारले की वायू प्रसरण पावताना थंड होतो आणि दाब आणखी घसरतो. दोन मिनिटं थांबलं की पिस्तूल सावरतं.

खरी गळती असेल तर कॅप्सूलच्या पिस्तुलात ती बहुधा तोंडापाशी सापडते, जिथे सुई कॅप्सूल फोडते आणि सभोवतालची सील-चकती तिची मान धरून ठेवते. कॅप्सूल बसवताना स्क्रू निर्दयपणे पिळला की या चकतीत मानेचा ठसा खोलवर उमटतो, आणि पुढची कॅप्सूल त्या ठशात नेमकी बसत नाही. आणखी एक खोड या वायूची. तो साध्या नायट्राइल रबरात मुरतो आणि रबर फुगवतो. पिस्तूल रिकामं करून लगेच उघडलं, तर बाहेर काढलेली रिंग खाचेपेक्षा मोठी दिसते आणि परत जाता जात नाही. तिथे घाईनं कानस घेऊ नये की नवी रिंग आणायला धावू नये. एक दिवस मोकळ्या हवेत ठेवली की ती मापावर येते. दाब एकदम सोडला तर मुरलेला वायू बाहेर पडताना रबराला फोड आणतो, तशी रिंग मात्र गेलीच. म्हणून या पिस्तुलांना पॉलियुरेथेनच्या कडक रिंगा बऱ्या.

हवेच्या पिस्तुलात फसवणारं दुसरंच एक आहे, ते म्हणजे दाबमापक. सिलिंडर भरताना हवा तापते. काटा २०० दाखवतो तेव्हा आतली हवा समजा ४५ अंशांवर असेल, तर ती २५ अंशांवर आली की काटा १८७ वर येतो. गळती शून्य. भौतिकशास्त्राच्या शाळेतल्या पुस्तकातला नियम आहे, पण पहाटे साडेपाचला सरावाआधी काटा तेरा बार खाली दिसला की तो कुणाला आठवत नाही. उपाय सोपा. भरल्यावर तासभर थांबून काटा वाचायचा, वेळ आणि खोलीचं तापमान वहीत लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला पुन्हा वाचायचं. बीडच्या हिवाळ्यात दुपार आणि पहाट यांतलं अंतर पंधरा-अठरा अंशांचं होऊ शकतं. दुपारचा काटा पहाटेच्या काट्याशी ताडून पाहणं म्हणजे स्वतःलाच चकवणं.

वहीतला आकडा खरोखर उतरत असेल तर पुढचं पाऊल उघडण्याचं नाही, वेगळं करण्याचं आहे. स्पर्धेच्या पिस्तुलाचा सिलिंडर सुटा होतो आणि त्याच्या तोंडाला स्वतःचा व्हॉल्व्ह असतो. एक रात्र सिलिंडर एकटा ठेवावा, एक रात्र पिस्तुलाला जोडून. एकटा असताना उतरला तर दोष सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा मापकाच्या सांध्यात. जोडल्यावरच उतरला तर पिस्तुलात. एकही स्क्रू न उघडता अर्धं यंत्र संशयातून मुक्त झालं. ही युक्ती पुस्तिकेतली सर्वांत मोलाची, आणि गंमत म्हणजे तिला फक्त धीर लागतो, हत्यार लागत नाही.

मग येतो साबण. भांडी घासायच्या द्रव साबणाचे काही थेंब वाटीभर पाण्यात, आणि मुलांच्या रंगपेटीतला बारीक ब्रश. सांध्यावर लावून वाट पाहायची. मोठी गळती लगेच फेस काढते. तिचं शोधणं काही कौशल्याचं नाही. हळू गळतीत आधी काहीच दिसत नाही, आणि मग अर्ध्या-एक मिनिटानं सांध्याच्या एका बाजूला खसखशीएवढा बुडबुडा येतो, तिथेच वाढतो, फुटतो, पुन्हा तिथेच येतो. त्या जागी पेन्सिलीनं खूण करावी. पंक्चरवाला ट्यूब बुडवतो म्हणून पिस्तूल पाण्यात बुडवू नये. ट्यूबला गंज चढत नाही. पिस्तुलाच्या नळीला चढतो, आणि मापकात शिरलेलं पाणी बाहेर येत नाही.

सांधे कोरडे निघाले तर हवा नळीतून जात असणार, म्हणजे मुख्य व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. इथे यात्रेतला फुगा उपयोगी पडतो. पिस्तुलात छर्रा नाही याची दोनदा खात्री करून नळीच्या तोंडावर फुगा ओढून बसवायचा आणि पिस्तूल सुरक्षित दिशेला तोंड करून ठेवून द्यायचं. तासाभरात फुगा उभा राहिला तर निदान झालं. पण नळीतून गळतंय म्हणून व्हॉल्व्ह बाद समजायचं कारण नाही. काळ्या मातीच्या या मुलखात धुळीचा एखादा कण बैठकीवर अडकलेला असणं सहज शक्य. सिलिंडर भरलेला ठेवून, छर्रा न घालता, सुरक्षित दिशेला पाच-सहा शॉट सोडले की वाऱ्याच्या झोतानं कण पुष्कळदा उडून जातो. त्यानंतरही फुगा फुगला तर व्हॉल्व्हच्या टोकावर ओरखडा आहे असं धरावं. सिलिंडरचा दाब ठरावीक पातळीवर उतरवून देणाऱ्या रेग्युलेटरला बाहेर श्वास घ्यायला बारीक छिद्र ठेवलेलं असतं. काही पिस्तुलांत हवा तिथून फुसफुसते, आणि मग दोष रेग्युलेटरच्या आतल्या रिंगेचा. शॉट मारतानाच जवळून हवेचा झोत हाताला लागतो, पण रात्रभरात काटा हलत नाही, अशी तक्रार असेल तर साठ्याला गळती नाहीच. छर्रा जिथे बसतो तिथली रिंग झिजलेली आहे.

पिस्तूल उघडण्याआधी सगळी हवा काढून टाकायची. हा नियम प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला पुन्हा छापला आहे आणि वाचकाला त्याचा कंटाळा आला तरी चालेल.

बाहेर काढलेल्या रिंगेकडे भिंगातून पाहणं हा एक छंदच होऊ शकतो. चांगली रिंग कापली तर तिचा छेद वाटोळा निघतो. थकलेली एका बाजूनं चपटी होते, इंग्रजी डी या अक्षरासारखी. आट्यावरून ओढून बसवलेल्या रिंगेवर तिरकी चीर असते, अगदी केसाएवढी, आणि २०० बारला ती केसाएवढी चीर पुरते. रिंग काढायला लोक दाभण घेतात. दाभणानं रिंग निघते, पण खाचेच्या धातूवर ओरखडा उमटतो. मग नवी रिंगही गळते आणि दुकानदाराला शिव्या बसतात. बांबूची टोक काढलेली काडी हे इथलं योग्य हत्यार. नवी रिंग घेताना ‘साधारण एवढीच’ चालत नाही. आतला व्यास, जाडी आणि कडकपणा या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. मोटारसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात व्यास जुळतो, जाडीत थोडा फरक पडतो, आणि तेवढ्यावर सगळं हुकतं. वर्निअर कॅलिपर आता फार महाग राहिलेला नाही. नेमबाजाच्या पेटीत तो असावा.

आणि तेल. दाबाच्या हवेत खनिज तेलाची वाफ मिसळली आणि ती हवा झटकन दाबली गेली, की डिझेल इंजिनात जे होतं तेच होतं. म्हणून रिंगेला सिलिकॉन ग्रीसचा जेमतेम चकाकी येईल एवढाच हात फिरवायचा, शिलाई मशिनचं तेल नाही, गाडीचं ग्रीस नाही. याहून गंभीर गोष्ट ऑक्सिजनची. कोविडच्या लाटांनंतर ऑक्सिजनची मोठी नळकांडी गावोगावी ओळखीची झाली, आणि दाबाचा वायू म्हणजे दाबाचा वायू, असा तर्क कुणालाही सुचू शकतो. तो जीवघेणा आहे. दाबाखालचा ऑक्सिजन ग्रीसच्या डागाला पेटवू शकतो. एअर पिस्तुलाच्या सिलिंडरमध्ये कोरडी, गाळलेली हवाच भरायची, हातपंपानं किंवा त्यासाठीच्या कॉम्प्रेसरनं.

एवढा आटापिटा एका रिंगेसाठी कशाला, असं वाटणाऱ्यानं २५ जुलै २०२१ ची टोकियो ऑलिंपिकमधली पात्रता फेरी आठवावी. मनू भाकर दहा मीटर एअर पिस्तुलात चांगल्या लयीत होती आणि मध्येच तिच्या पिस्तुलानं दगा दिला. तो बिघाड गळतीचा नव्हता, यंत्राचा होता. पण दुरुस्ती होऊन ती परत उभी राहीपर्यंत सव्वा तासातली सुमारे वीस मिनिटं गेली होती. ६० शॉटचा डाव तिनं ५७५ गुणांवर संपवला. अंतिम फेरीचं दार ५७७ ला होतं. तीन वर्षांनी, २८ जुलै २०२४ रोजी, पॅरिसमध्ये याच प्रकारात तिनं कांस्य घेतलं. दहा मीटरवरच्या लक्ष्याचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं. नेमबाजाचं मन काट्यावर गेलं की ते वर्तुळ आणखी लहान होतं, मग काटा खरा उतरत असो वा नसो. खरं तर रेग्युलेटर असलेल्या पिस्तुलात हळू गळतीचा गुणांवर परिणाम होत नाही. सिलिंडरमधला दाब ठरावीक मर्यादेच्या खाली जाईपर्यंत प्रत्येक छर्रा सारख्याच वेगानं सुटतो. सामन्याच्या आदल्या रात्री गळती सापडली तर पिस्तूल उघडायचं नाही, सकाळी सिलिंडर पुन्हा भरून उभं राहायचं. दुरुस्ती सोमवारी.

बीडमध्ये आणखी एक काळजी घ्यावी लागते, जी पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत सापडणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांची चर्चा राज्यभर झाली, परवाने तपासले गेले आणि अनेक रद्द झाले. अशा जिल्ह्यात काळं पिस्तूल हातात घेऊन मिस्त्रीच्या दुकानात शिरणं शहाणपणाचं नाही, ते फक्त छर्रे मारणारं असलं तरी. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंत नळीचं आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेचं हवेचं शस्त्र परवान्याशिवाय बाळगता येतं, विक्रेता ओळखपत्राची नोंद ठेवतो. स्पर्धेचं पिस्तूल सहा ज्यूलच्या आसपास असतं, म्हणजे मर्यादेच्या पुष्कळ आत. पण चौकातल्या हवालदाराला ते बघून कळणार नाही. पिस्तूल बंद पेटीत, सिलिंडर सुटा, बिल आणि क्लबचं ओळखपत्र सोबत, आणि मिस्त्रीला शक्यतो नुसता दोषी भाग दाखवायचा, अख्खं पिस्तूल नाही. मोबाइलवर त्याचे फोटो मिरवायचे नाहीत, हे सांगायला नको, तरी सांगितलेलं बरं.

याच कारणानं वेग वाढवण्याचे, रेग्युलेटरचा दाब चढवण्याचे उपाय या पानांत मुद्दाम घेतलेले नाहीत. कागदी लक्ष्याला जादा वेगाचा काही उपयोग नाही, आणि तो मागणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा पाखरं असतात. पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांचं अभयारण्य आहे. मोर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो, आणि त्याच्यावर झाडलेला छर्रा हवेच्या पिस्तुलातला होता हा बचाव कोर्टात चालत नाही.

पुढची प्रकरणं तक्रारीच्या क्रमानं लावली आहेत, भागांच्या नाही, कारण पिस्तूल हातात घेतलेल्या माणसाला तक्रार माहीत असते, भाग माहीत नसतो. सिलिंडरचं प्रकरण तेवढं सर्वांत आधी वाचावं. त्याच्या अंगावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. स्पर्धेची पिस्तुलं बनवणाऱ्या बहुतेक युरोपीय कंपन्या त्याला दहा वर्षांची मुदत देतात, आणि मुदतीतला सिलिंडर वापरण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत खेळाडूवरच आहे. जुनं पिस्तूल स्वस्तात मिळालं म्हणून घेणाऱ्यांनी आधी ही तारीख पाहावी. ती उलटून गेली असेल तर सिलिंडर गळत नसला तरी बाद. रिकामा करून, व्हॉल्व्ह काढून, मधोमध करवतीनं कापूनच भंगारात द्यावा, म्हणजे तो दुसऱ्या कुणी भरणार नाही.